आठवा आठवडा, अंगात त्राणच नाही, आणि तीन महिने कुणाला सांगायचं नाही म्हणतात

येळ्ळूरची सून

नमस्कार सगळ्यांना. मी इथं वाचते बरेच दिवस पण लिहितेय पहिल्यांदाच. मला दिवस गेलेत, आता आठवा आठवडा चालू आहे, पहिलंच आहे. माहेर माझं चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पलीकडं, लग्न होऊन दीड वर्षापूर्वी येळ्ळूरला आले. बेळगावात एका सोसायटीत कॅश काउंटरला आहे, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा.

उलट्या होतात, मळमळतं हे सगळ्यांकडून ऐकलं होतं. मला उलटी फारशी नाही, सकाळी उठल्यावर थोडं कसंतरी होतं एवढंच. पण हा जो थकवा आहे ना त्याबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं हो. रात्री नऊला झोपते, सकाळी साडेपाचला उठते, आणि उठताना असं वाटतं की रात्रभर शेतात भांगलण करून आलेय. वेणी घालायला हात वर केले की मधेच खाली टेकावे लागतात. भाकरी थापताना डोळे मिटतात. दुपारी तीन वाजले की काउंटरला नोटा मोजताना आकडाच डोक्यातून जातो, तीनतीनदा मोजते, तरी गेल्या आठवड्यात संध्याकाळी ४०० रुपये कमी आले, माझ्या पर्समधले भरले आणि घरी येऊन रडले. मी अशी कधीच नव्हते, लग्नाआधी सकाळी शेतावर जाऊन येऊन कॉलेज केलंय मी.

बसचं तर काय सांगू, शक्ती योजना झाल्यापासून बायकांना तिकीट नाही हे चांगलंच आहे, पण सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते, आणि माझं पोट दिसत नाही मग सीट मागायची तरी कशी, तरणीताठी पोरगी उभी राहू शकत नाही का असं बघतात. दांडीला धरून उभ्या उभ्या झोप लागते.

घरात फक्त ह्यांना आणि सासूबाईंना माहीत आहे. सासूबाई प्रेमळ आहेत, पण त्यांनी सांगितलंय तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, दृष्ट लागते. म्हणून जाऊबाईंना पण सांगितलं नाही, आणि त्या परवा म्हणाल्या की आजकाल तू जेवण झालं की लगेच आडवी होतेस, भांडी कुणी घासायची. त्यांचं काय चुकलं, त्यांना माहीतच नाही. आता गणपती तोंडावर आलेत, आमच्यात पाच दिवस असतात, घर झाडण्यापासून सगळं आहे, मला विचार करूनच रडू येतं.

हे एवढं थकणं नॉर्मल आहे का, की माझ्यात काही कमी आहे? कधी कमी होतं? चहा प्यायला की जरा बरं वाटतं, दिवसाला चार-पाच होतात, चालतात का? आणि ऑफिसात सांगू की नको? डॉक्टरकडे एकदा जाऊन आले, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिलीय, सोनोग्राफीत ठोके आहेत म्हणाले, रक्त तपासायला पुढच्या वेळी सांगू म्हणाले.


अनगोळची बाई

अगं आधी डोळे पूस. तुझ्यात काही कमी नाही. मी शाळेत शिकवते, माझ्या पहिल्या वेळी सहाव्या आठवड्यापासून ते साधारण तेराव्या आठवड्यापर्यंत मी स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवून झोपायचे, घंटा झाली की बाजूच्या बाई हलवून उठवायच्या. त्या एकट्यांना मी सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनाही नाही, फक्त त्यांना. तुला पण तेच सांगेन, सगळ्या जगाला सांगू नको पण ऑफिसात एक माणूस धर. एक तरी. जिच्याजवळ सांगितलं की चार तोंडी होणार नाही अशी कुणीतरी असतेच.

आणि मॅनेजरना सांगायचं धाडस होत असेल तर एवढंच माग की काही आठवडे कॅशवर नको, पासबुक एंट्री किंवा ठेवींच्या पावत्या असं बसून करायचं काम द्या. पैशाच्या कामावर चूक झाली तर तुझं नाव खराब होतं, आणि ४०० रुपये आज गेले उद्या जास्त जातील, ते टेन्शन वेगळंच. नोकरीची भीती वाटत असेल तर हे माहीत असू दे की १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता, २०१७ ला त्यात बदल होऊन पहिल्या दोन मुलांना २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय, तिथंही ही रजा तशीच आहे, त्यातले ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागू होतो आणि आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं पाहिजे. तुमच्या सोसायटीत किती माणसं आहेत बघ. गरोदर आहे म्हणून काढून टाकता येत नाही.

बाकी माझा अनुभव. रात्री उशाशी डब्यात चार खारी बिस्किटं किंवा मूठभर चुरमुरे-फुटाणे ठेवायचे, उठायच्या आधी अंथरुणातच खायचे, मग दहा मिनिटांनी उठायचं. रिकाम्या पोटी उठलं की दिवस गेलाच. नंतर दर दोन-अडीच तासांनी काहीतरी तोंडात, थोडं थोडं. दुपारी पोटभर भात खाल्ला की मला मेल्यासारखी झोप यायची, म्हणून डब्यात भात कमी, भाकरी-उसळ-काकडी आणि ताक असं केलं. पाण्याची बाटली काउंटरला ठेव, पाणी कमी पडलं की पण गळाल्यासारखं होतं आणि आपण बायका बाथरूमला जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाही, ते करू नको.

झोप दुपारची २०-३० मिनिटं मिळाली तर सोनं. जेवणाच्या सुट्टीत गप्पा सोड, डबा लवकर संपव आणि रेकॉर्ड रूममध्ये खुर्चीला टेकून डोळे मीट, मोबाईलला अलार्म लाव.

बसचं, शक्य असेल तर अर्धा तास आधीची गाडी पकड, ती रिकामी असते. आणि सीट माग गं. कंडक्टरला हळूच सांग, दिवस गेलेत, चक्कर येते. आमच्याकडचे कंडक्टर ओरडून उठवतात लोकांना, मला दोनदा उठवून दिलीय सीट.

गणपतीचं, मोदक विकत आण. सरळ. बेळगावात गल्लीगल्लीत ऑर्डर घेतात.


चिकोडीची सिस्टर

मी स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं एएनसीच्या, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीला येणाऱ्या बायका बघतेय. सगळ्यात आधी, हो, नॉर्मल आहे, आणि का होतं ते कळलं की अपराधीपणा निम्मा जातो म्हणून सांगते.

पहिल्या तीन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन झपाट्यानं वाढतं, गर्भ टिकून राहायला ते लागतं, पण त्यानंच गुंगी येते, अंग ढिलं पडतं. त्याच वेळी शरीर रक्त वाढवायला लागतं, शेवटापर्यंत रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढलेलं असतं, हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं, नाडी वाढते, बीपी थोडं उतरतं. आणि वार, म्हणजे बाळाला आईकडनं पोषण पोचवणारा भाग, तयार होत असते. बाहेरून पोट दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं काहीच चाललेलं नाही, पण आत सगळ्यात मोठं काम ह्याच आठवड्यांत चालू असतं. १२ ते १४ आठवड्यांच्या सुमाराला वारेचं काम नीट सुरू झालं की बहुतेक बायकांना हलकं वाटायला लागतं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत परत थकवा येतो, ते वजनामुळं आणि रात्री झोप मोडते म्हणून.

पण नॉर्मल आहे म्हणून तपासायचं नाही असं नाही. हे मी कळकळीनं सांगतेय. तू पुढच्या व्हिजिटची वाट बघू नको, ह्याच आठवड्यात जाऊन रक्त दे. हिमोग्लोबिन, थायरॉइड म्हणजे टीएसएच, शुगर, लघवी, ब्लड ग्रुप, एवढं पहिल्या तीन महिन्यांत व्हायलाच पाहिजे. गरोदर बाईचं पहिल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. आपल्याकडच्या बायकांमध्ये इतका कॉमन आहे की दिवसाला मी कितीतरी ९-१० वाल्या बघते, आणि त्या सगळ्या हेच सांगतात, काही होत नाही सिस्टर, नुसता थकवा. थकवा म्हणजे रक्त कमी असू शकतं.

चहा. दिवसाला सगळं मिळून कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. दोन कप चहा चालतो, चार-पाच नको, फिल्टर कॉफी असेल तर एकच धर. आणि जेवणाबरोबर चहा नकोच, जेवणाच्या आधी-नंतर तासभर सोडून घे, कारण चहामुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. उलट जेवणावर लिंबू पिळ, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. दुपारी तीनचा चहा घेऊन तरतरी येते ती तासाभरात उतरते, त्याऐवजी शेंगदाणा-गुळाची चिक्की आणि पाणी घेऊन बघ.

उलटीच्या गोळीबद्दल पण एक, तुला उलटी नाही म्हणतेस पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, त्यातल्या काही गोळ्यांनी झोप येते, डॉक्टरांनी रात्री घ्यायला सांगितली असेल तर रात्रीच घ्या, सकाळी घेऊन ऑफिसला जाऊ नका.

लोहाची सरकारी गोळी आपल्याकडे साधारण चौथ्या महिन्यापासून देतात, त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि फॉलिक अ‍ॅसिड, १८० दिवस घ्यायची. त्याआधी लागली तर डॉक्टर ठरवतील, मनानं दुकानातून घेऊ नको.

आता कधी थांबायचं नाही ते. रक्तस्राव, पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा छाती धडधडणं, पाणी सुद्धा न पचणं आणि लघवी अगदी पिवळी-कमी होणं, ताप. ह्यातलं काहीही असेल तर रात्र असो दिवस असो दवाखाना, गाडी नसेल तर १०८ ला फोन. आणि थकव्याबरोबर रोज रडू येतंय, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते पण डॉक्टरना सांगायचं, किंवा १४४१६ वर टेलिमानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, तिथं बोलायला माणूस असतं, पैसे लागत नाहीत.

तायी कार्ड, म्हणजे इथलं गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, काढलंस का? अंगणवाडीत किंवा आशाताईकडं नाव घाल. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.


खानापूरची मावशी

पोरी, वरचं सगळं वाचलो. सिस्टर बाई बरोबर सांगतात. मी आता साठीची झालो, तीन बाळंतपणं झाली माझी, तिन्ही पावसाळ्यात पोटात हुती, आणि आमच्या खानापूरचा पाऊस तर तुला माहीत हायच. रोप लावायला चिखलात वाकून हुभं राहायचं, डोळ्यापुढं अंधारी यायची, सासूला सांगायचं नाही, नवऱ्याला सांगायची लाज वाटायची. बांधावर बसलो की म्हणायच्या, काय गं, आत्तापासनंच दमलीस व्हय.

तीन महिने सांगू नये म्हणतात ते मी पण मानलो. पण माझं ऐक. माझं दुसऱ्या वेळचं अडीच महिन्यात गेलं. कुणाला माहीतच नव्हतं तर जवळ बसून दोन शब्द कोण बोलणार. चौथ्या दिवशी मी परत शेतात. आईला सुद्धा मी वर्षानं सांगितलो. तुला भ्या घालायला हे लिवत नाही, तुझं देवाच्या कृपेनं नीट होईल, पण न सांगितल्यानं माझं काय राखलं गेलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणून माझ्या सुनेच्या वेळी मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलो, दिराला, जावेला, पोरांना सुद्धा. पाण्याची कळशी हिनं उचलायची नाही म्हणून.

तुझ्या सासूचं मन राखायचं असेल तर असं कर, बाहेर गावभर नको, पण चुलीजवळच्यांना सांगू दे. सासूलाच म्हण, आई, तुमच्या तोंडानंच जाऊबाईंना सांगा. त्यांच्या तोंडून गेलं की त्यांना पण बरं वाटंल.

खायला नाचणीची आंबील कर. रात्री पीठ ताकात भिजवून ठेव, सकाळी पाण्यात शिजवून गार कर, मीठ, जिरं, थोडा लसूण, परत ताक घाल. मळमळत असलं तरी ते जातंय. हिरवी भाजी, राजगिरा, मसूर-मटकी मोड आणून. गूळ-शेंगा. अंडं-मासळी खात असशील तर सोडू नको ह्या श्रावणात, उपास तर धरूच नको, देव रागावत नाही.


येळ्ळूरची सून

मावशी तुमचं वाचून पोटात कालवलं. इतकी वर्षं मनात ठेवलंत. इथं सांगितलंत म्हणून मनापासून धन्यवाद. सासूबाईंना तुमचं वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

सिस्टर, तायी कार्डचं नाव ऐकलंय पण मला कन्नड वाचता येत नाही हो, माझं सगळं शिक्षण महाराष्ट्रातलं, दवाखान्यात सगळे कागद कन्नडमध्ये, फॉर्म भरायचा म्हटलं की ह्यांना सुट्टी काढायला लागते. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आमच्यात, मग इथलं कार्ड चंदगडला चालेल का?


चिकोडीची सिस्टर

कन्नड येत नाही म्हणून अडत नाही काही, आमच्याकडं बॉर्डरच्या सगळ्या गावांत आशाताई मराठी बोलतातच, त्याच भरून देतात. आधार कार्ड, बँक पासबुक आणि शेवटच्या पाळीची तारीख एवढं घेऊन जा. ती तारीख पक्की लिहून ठेव, सगळं गणित तिच्यावर आहे. कार्डवर तुझं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, इंजेक्शनं सगळं लिहितात. माहेरी जाताना कार्ड आणि सगळे रिपोर्ट फाइलला लावून बरोबर ने, तिथल्या डॉक्टरना आकडे कळतात, आकडे काय कन्नड नसतात. पण जायच्या आधी तिथल्या आशाताईकडं पण नाव घालून ठेव म्हणजे शेवटच्या महिन्यात धावपळ नको. अंगणवाडीत नाव लागलं की मातृपूर्णा योजनेतनं जेवण मिळतं, भात-आमटी, अंडं, दूध, चिक्की. नोकरीमुळं रोज जाणं जमत नसेल तर अंगणवाडीच्या बाईंना विचार काय करता येतं.

आणि मावशींनी जे लिहिलं त्यावर एक सांगते कारण हे घरोघरी चुकीचं समजलं जातं. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ जातो तो बहुतेक वेळा गर्भातल्या क्रोमोसोममधल्या दोषामुळं. बाईनं कुणाला सांगितलं म्हणून नाही, दृष्ट लागली म्हणून नाही, बसमधून गेली म्हणून नाही. मावशी, तुमचं पण शेतात राबल्यामुळं गेलं असं मनात असेल तर ते काढून टाका.


खानापूरची मावशी

सिस्टर बाई, पस्तीस वर्षं तेच मनात हुतं. बरं झालं सांगितलात.

पोरी, दाखव सासूला. माझं नाव नाही त्यात, दाखव.


उद्यमबाग सेकंड शिफ्ट

पुरुषानं लिहावं की नाही कळत नव्हतं पण वाचून राहवलं नाही. मी फाउंड्रीत आहे, बायको आता पाचव्या महिन्यात आहे. सुरुवातीचे दोन महिने मला खरंच वाटायचं ही जास्तच करतेय, दिवसभर घरात असून एवढी झोप कशी. मी तोंडावर बोललो पण एकदा. मग एका रविवारी डॉक्टरांकडे बरोबर गेलो, त्यांनी मलाच बसवून सांगितलं, आणि हिमोग्लोबिन ९.२ निघालं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मी शिफ्ट करून येतो तेव्हा मी दमलो म्हणून सांगतो आणि सगळे ऐकतात, ती दमली म्हटल्यावर मी हिशोब विचारत होतो.

त्यानंतर काय बदललं ते लिहितो, कुणाच्या नवऱ्याला उपयोग झाला तर होईल. नळाचं पाणी येतं त्या दिवशी भरायचं काम माझं. कुकर लावणं, आमटी करणं शिकलो, भाकऱ्या केंद्रातून विकत आणतो, महिन्याचा खर्च वाढतो पण दुसरीकडं कमी करतो. मला सेकंड शिफ्ट म्हणून सकाळी मी घरी असतो, तर सकाळी तिला आठपर्यंत झोपू देतो, आईला मी स्वतः सांगितलं की तिला उठवू नको. हे मीच सांगणं गरजेचं होतं, तिनं सांगितलं असतं तर सुनेनं उलट उत्तर दिलं असं झालं असतं. ताई, तुमच्या मिस्टरांना एवढंच म्हणा की आईशी तुम्ही बोला.

लोहाच्या गोळीनं तिला पोटात दुखायचं, शी काळी व्हायची, घाबरून बंद केली होती. डॉक्टर म्हणाले काळी होते त्यात घाबरायचं नाही, जेवणानंतर रात्री घ्या. रिकाम्या पोटी जास्त अंगी लागते पण त्रास होऊन बंद करण्यापेक्षा जेवून घेतलेली बरी. दुधाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही घ्यायची. आता १०.८ आहे, काल संध्याकाळी स्वतःहून म्हणाली चला किल्ल्याच्या तलावाकडं फिरायला जाऊ.


निपाणीची

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून लिहिते. मला पण सगळे म्हणाले नॉर्मल आहे, सहन कर. ज्या दवाखान्यात दाखवत होते तिथं पण तेच, असंच असतं पहिल्या वेळी, म्हणून टॉनिक देऊन परत. रक्त तपासलं ते फक्त हिमोग्लोबिन, ते ११.६ होतं, मग तर माझं कुणी ऐकेच ना. चौथा महिना संपत आला, बाकीच्या बायका म्हणत होत्या आता हलकं वाटेल, मला काही वाटेना. एप्रिल महिन्यात मला थंडी वाजायची, निपाणीच्या उन्हात मी चादर घेऊन झोपायचे. संडास साफ नाही, आवाज घोगरा झालेला. शेवटी बहिणीनं ओढून दुसरीकडं नेलं, त्यांनी पहिल्याच दिवशी टीएसएच करायला सांगितलं आणि थायरॉइड निघालं. गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात माणसात आले. बाळ व्यवस्थित झालं, आता दोन वर्षांचा आहे. पण पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं स्वतःचं थायरॉइड काम करत नसतं, आईचंच हार्मोन लागतं, हे मला नंतर कळलं आणि तो राग अजून गेला नाही माझा. एका बाटलीभर रक्ताचा प्रश्न होता.

म्हणून ताई तुम्ही सिस्टरनी सांगितलेली तपासणी नावानिशी मागा. टीएसएच. गरोदरपणात त्याची मर्यादा वेगळी असते म्हणून लॅबच्या कागदावरचं नॉर्मल बघून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गोळी लागली तर पहाटे रिकाम्या पोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर.

आमच्या भागातल्या कुणी वाचत असतील तर, तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळायचं काम असेल तर दिवस गेल्यावर शक्य तितकं लवकर ते सोडा, दुसरं काम बघा. निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि धूळ नाकातून. चक्कर, मळमळ, थकवा त्यानं पण होतो आणि आपण समजतो डोहाळे आहेत. मला माहीत आहे पोटासाठी करतात, माझ्या सासूनी पंचवीस वर्षं केलं, पण आशाताईला तरी सांगा की मी तंबाखूत काम करते.


येळ्ळूरची सून

सगळ्यांना परत नमस्कार, बारा दिवसांनी लिहितेय.

दुसऱ्या दिवशीच रक्त दिलं. टीएसएच नावानिशी मागितलं, लॅबवाल्यानं चिठ्ठी आहे का विचारलं, मग फिरून डॉक्टरांकडे जाऊन लिहून आणलं. टीएसएच डॉक्टर म्हणाले व्यवस्थित आहे, शुगर व्यवस्थित, हिमोग्लोबिन ९.६. मी बघतच राहिले, मला वाटायचं मी तब्येतीनं चांगली आहे. लोहाची गोळी मळमळ थोडी कमी झाली की सुरू करू म्हणाले, तोपर्यंत फॉलिक अ‍ॅसिड चालू आणि जेवणात काय काय ते लिहून दिलं, चार आठवड्यांनी परत तपासणी.

चहा दोनवर आणला. पहिले तीन दिवस डोकं ठणकलं, मग थांबलं. आंबील रोज सकाळी पितेय, मावशी, मला इतकी आवडते की रात्री झोपताना उद्याची आठवण येते.

ऑफिसात आमच्या सोसायटीत १६ माणसं आहेत, मोजली. आधी शेजारच्या काउंटरच्या ताईंना सांगितलं, त्यांनीच मॅनेजरांकडे बरोबर येते म्हटलं. मॅनेजर काही वेगळं बोलले नाहीत, सोमवारपासून ठेव विभागात बसा म्हणाले. दुपारी वीस मिनिटं खुर्चीला टेकून झोपते, त्या ताई उठवतात. बसमध्ये अजून मागायला जीभ उचलत नाही, पण परवा एका आजीनं माझा चेहरा बघूनच बस म्हणून सरकून जागा दिली, मला काही विचारलं पण नाही.

घरचं सांगते. ह्यांना उद्यमबागच्या दादांचं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण रविवारी सकाळी कणीक मळायला बसले. सासूबाईंना मावशींचं वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, माझंही एक गेलंय, ह्याच्या आधीचं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, तुझ्या सासऱ्यांना सुद्धा नाही. त्या रात्री त्यांनीच जाऊबाईंना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. जाऊबाई माझ्याकडं आल्या आणि पहिल्यांदा रागावल्या, मला आधी सांगायचं नाही का गं, मी तुला भांड्यांवरून बोलले ते मला आता कसं लागतंय. मग त्यांनीच गणपतीचं वाटून टाकलं, मला वाती वळायच्या आणि दूर्वा निवडायच्या, दोन्ही बसून करायचं. मोदक शहापुरातून मागवलेत.

थकवा आहेच अजून. दहावा आठवडा लागलाय. पण आता नऊ वाजता झोपायला गेले की दाराबाहेर जाऊबाई मुलांना सांगतात, हळू बोला, काकी झोपलीय.

तायी कार्डसाठी आशाताई उद्या येणार आहेत. पाळीची तारीख लिहून ठेवलीय.